ओल किती वर्षं थांबते?

मे महिना लागला की वसई-ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत गच्च्यांवर एकच धांदल सुरू होते. कुठे जुना कोबा फोडला जातो, कुठे ब्रशने पांढरा लेप फिरतो, कुठे गॅसच्या ज्योतीवर काळा पत्रा वितळवून चिकटवला जातो. त्याआधी झालेल्या सोसायटीच्या बैठकीत कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारलेला असतो : किती वर्षं टिकेल? आणि उत्तरही बहुधा एकच आलेलं असतं : दहा वर्षांची गॅरंटी, स्टँप पेपरवर.

हा दहाचा आकडा सगळ्याच कामांना सारखा कसा लागू पडतो? गच्चीवरचा कोबा, बाहेरच्या भिंतीचा रंग, बाथरूमच्या फरशीखालचा थर आणि तळमजल्याच्या भिंतीत भरलेलं रसायन यांचं आयुष्य एक असणं शक्य नाही. तरीही ‘वॉटरप्रूफिंग’ या एका नावाखाली आपण ही सगळी कामं एकत्र बांधतो आणि त्यांच्याकडून एकाच आकड्याची अपेक्षा ठेवतो. गळतीवरचा पैसा वाया जाण्याची सुरुवात, माझ्या मते, इथूनच होते.

पाण्याचं गणित आधी मांडू. मुंबईत चार महिन्यांत साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटरवर २,२०० लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एका पावसाळ्यात दोन लाख लिटरांहून जास्त पाणी येतं. कोकणात अनेक ठिकाणी याहून जास्त. पुण्यात पाऊस याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, पण ऊन-थंडीतला फरक जास्त. विदर्भात पाऊस मध्यम आणि उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारा. एकाच डब्यातला लेप या तिन्ही ठिकाणी तीन वेगवेगळ्या कारणांनी मरतो. डब्यावर छापलेल्या वर्षांना म्हणूनच फारसा अर्थ नाही.

ओल घरात चार-पाच वाटांनी येते : वरून, बाजूने, खालून, घरातल्याच नळांतून आणि हवेतून. वाट ओळखायला महागडं यंत्र लागत नाही, कॅलेंडर लागतं. पाऊस पडल्यावर काही तासांत डाग ओला होतो आणि उघडीप मिळाली की सुकायला लागतो, ती गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची ओल. बारा महिने, अगदी एप्रिलमध्येही छत ठिबकतं, ती नळाची किंवा वरच्या बाथरूमची. जमिनीपासून गुडघा-कंबरेपर्यंत सलग पट्टा, त्यावर क्षारांची पांढरी भुकटी आणि पोपडे, ती जमिनीतली. कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळ्या बुरशीचे ठिपके, पण डागाला कडा नाही, ती बहुतेक वेळा हवेतली वाफ. निदान चुकलं तर उत्तमातलं उत्तम रसायनही एक पावसाळा काढणार नाही, कारण पाणी त्या वाटेने येतच नव्हतं.

गच्चीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त खर्च आणि सर्वांत जास्त वाद तिच्यावरच होतात.

सिमेंटच्या आधी आपल्याकडे चुन्याचा कोबा होता. विटांचे तुकडे आणि मुरवलेला चुना, त्यात गूळ, बेलफळ, मेथी, हिरडा यांचं पाणी, आणि लाकडी चोपण्यांनी दिवसेंदिवस चोपून चोपून घट्ट केलेला थर. भारतीय मानक ब्युरोने चुन्याच्या या गच्चीसाठी स्वतंत्र संहिता केली, आयएस ३०३६. असे कोबे दोन-दोन पिढ्या टिकल्याची उदाहरणं जुन्या इमारतींत सापडतात, आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. चुन्याला बारीक तडा गेला की त्यात शिरलेलं पाणी थोडा चुना विरघळवतं, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडला जातो आणि तड्यातच पुन्हा घट्ट होतो. केसाएवढी भेग चुना स्वतः भरून काढतो. सिमेंटमध्ये हा गुण फार थोडा आहे.

आरसीसीच्या स्लॅबबरोबर मुंबईत रुळला तो विटांचा म्हणजे ब्रिकबॅट कोबा. स्लॅब घासून धुवायचा, त्यावर सिमेंटचा पातळ घोळ, मग वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेला माल, त्यात विटांचे तुकडे रचून मधले सांधे भरायचे, वर पुन्हा गुळगुळीत थर देऊन दोरीने चौकटी मारायच्या. भिंत आणि गच्ची मिळतात त्या कोनात गोलाई द्यायची, साइटवर तिला ‘वाटा’ म्हणतात. उतार किमान शंभरास एक. शेवटी वाफे करून सात दिवस पाणी साठवायचं. हे सगळं नेमाने केलं तर असा कोबा पंधरा-वीस वर्षं सहज काढतो, आणि त्याहून जुने, अजून न गळणारे कोबेही मुंबईत आहेत. घाईत केला तर तिसऱ्या पावसाळ्यात चौकटींच्या रेघांतून पाणी शिरतं.

कोब्याच्या विरोधातले अभियंते दोन मुद्दे मांडतात आणि दोन्ही खरे आहेत. एक वजनाचा. सरासरी अकरा-बारा सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर भरतो, म्हणजे हजार चौरस फुटांवर सुमारे वीस टन. मूळ आराखड्यात तो धरलेला असतो. पण गळायला लागल्यावर फोडण्याचा खर्च आणि धूळ टाळायला त्याच्यावरच दुसरा कोबा घालतात, तेव्हा आणखी वीस टन चढतात. आयएस ८७५ या संहितेत वावर असलेल्या गच्चीसाठी माणसं, सामान वगैरेंचा भार चौरस मीटरला दीडशे किलो धरलेला आहे. दुसरा कोबा एकटाच त्याच्या पुढे जातो. तीस-चाळीस वर्षांच्या, सळया गंजलेल्या इमारतीवर हे करणं मला धोक्याचंच वाटतं. गळती थांबवण्यासाठी स्लॅब वाकवायचा नसतो.

दुसरा मुद्दा विटांचा. वीट पाणी पिते. वरच्या थराला एक भेग गेली की पाणी विटांत साठतं, आडवं पसरतं आणि स्लॅबचा कच्चा बिंदू गाठून तिथून उतरतं. पाऊस ऑक्टोबरात थांबतो, छत डिसेंबरातही ठिबकत राहतं. डाग ज्या खोलीत दिसतो तिच्या नेमक्या डोक्यावर भेग असेलच असं नाही, म्हणून डागाच्या वर तेवढाच लेप लावणं हे ठिगळ फुकट जातं. तरीही जाड कोबा उन्हाचा ताप अडवतो, चालण्या-फिरण्याने झिजत नाही आणि त्याची दुरुस्ती साधा गवंडी करू शकतो. नव्या, भक्कम स्लॅबवर, चांगल्या हातांनी केलेला कोबा मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो. जुन्या इमारतीवर मात्र तो उतरवून हलका उपाय करावा.

हलके उपाय तीन घराण्यांचे. पहिलं डांबराचं. जुन्या टारफेल्टचा जमाना पाच-सात वर्षांचा होता. उन्हात डांबर कडक होऊन तडकायचं. आता पॉलिमर मिसळलेल्या डांबराचे तीन-चार मिलिमीटर जाडीचे मेंब्रेन येतात, ज्योतीने चिकटवतात. झाकलेलं, म्हणजे वर कोब्याचा किंवा फरशीचा पातळ थर असलेलं मेंब्रेन दहा-पंधरा वर्षं काढतं. उघडं ठेवलं तर बरंच कमी. ते मध्यभागी क्वचितच फाटतं. सुटतं ते दोन पट्ट्यांच्या जोडावर, पाइपाभोवती आणि कठड्याच्या पायथ्याशी. कठड्यावर ते वीतभर तरी चढवून भिंतीत खाच मारून आत दाबायला हवं. नुसतं भिंतीला चिकटवून सोडलं तर वरून येणारं पाणी त्याच्या मागे शिरतं आणि मेंब्रेन पाणी अडवण्याऐवजी कोंडून ठेवतं. ओल्या स्लॅबवर मेंब्रेन टाकलं तर उन्हाळ्यात वाफ होऊन फुगे येतात, आणि मेच्या घाईत धुतलेला स्लॅब पुरता सुकायला कुणी थांबत नाही.

दुसरं घराणं लेपांचं. दोन-तीन हात मारून वाळल्यावर मिलिमीटरभरही न होणारी जाडी. साधे अॅक्रिलिक लेप उघड्या गच्चीवर तीन ते पाच वर्षं, चांगले पॉलियुरेथेनचे आठ-दहा. अॅक्रिलिकचा शत्रू आहे साचलेलं पाणी. पाण्याखाली दिवस काढले की तो मऊ पडतो, सालपटासारखा सुटतो. ज्या गच्चीवर उतार बिघडून डबकी होतात तिथे आधी उतार दुरुस्त न करता लेप मारणं म्हणजे एका पावसाळ्यासाठी पैसे देणं. आणखी एक साधी गोष्ट सांगतो : कामाच्या आधी क्षेत्रफळावरून किती डबे लागतील ते लिहून घ्या आणि काम संपल्यावर रिकामे डबे मोजा. लेपाची जाडी डोळ्यांना कळत नाही, डब्यांची संख्या कळते.

तिसरं, स्फटिक होणारी रसायनं. ही काँक्रीटमध्ये मुरतात, पाणी मिळालं की त्यांचे स्फटिक वाढून सूक्ष्म छिद्रं आणि बारीक भेगा बुजवतात. पाण्याच्या टाक्या, तळघरं यांना ती उत्तम, आणि काँक्रीट शाबूत आहे तोवर ती टिकतात, कारण ती त्याचाच भाग होतात. पण उन्हाने रोज उघडमीट करणारी भेग त्यांच्याने भरत नाही.

ही उघडमीट लहानसहान नसते. वीस मीटर लांबीच्या स्लॅबचं तापमान पहाटेपासून दुपारपर्यंत तीस अंशांनी वाढलं तर तो सुमारे सहा मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. वर्षातून काही शे वेळा. नागपूर-चंद्रपूरकडे गच्ची गळते ती याच हालचालीने फाटलेल्या थरामुळे, तर सावंतवाडीत शेवाळ, पानांचा खच आणि महिनोन्महिने न सुकणारा ओलावा थर कुजवतो. वर पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला की विदर्भातल्या थराचं आयुष्य वाढतं. कोकणातल्या गच्चीला त्याआधी वाहतं ठेवलेलं पन्हळ हवं.

गच्चीच्या थराचा शेवट पुष्कळदा हवामानाने होतच नाही, माणसाने होतो. डिश अँटेनाचे खिळे, मांडवाच्या खुंट्या, सोलर बंबाचं स्टँड, केबलवाल्याने फोडलेला कठडा. कावळ्याने टाकलेल्या बीपासून भेगेत उगवलेला पिंपळ तर हाताएवढा होईपर्यंत कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मूळ स्लॅबपर्यंत गेल्यावर नुसता शेंडा छाटून उपयोग नसतो. आता यात एक नवी गोष्ट आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून छतांवर सौर पॅनेल झपाट्याने चढत आहेत. पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बसवतात आणि त्याखालचा थर दहा वर्षांच्या. मधेच गळती निघाली तर सगळा सांगाडा उतरवावा लागेल. पॅनेल बसवण्याआधी गच्चीचं काम उरकावं आणि सांगाड्याचे पाय स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी वजनदार काँक्रीट ठोकळ्यांवर उभे करावेत, अर्थात स्लॅबला तो भार पेलतो का आणि वाऱ्याला ते पुरतात का हे अभियंत्याला विचारूनच.

बाहेरच्या भिंतींचा हिशेब वेगळा आहे. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे एकाच इमारतीच्या पश्चिम-दक्षिणेच्या भिंती गळतात आणि पूर्वेच्या कोरड्या राहतात. सिमेंट पेंट दोन-तीन वर्षं, चांगला अॅक्रिलिक रंग पाच-सात. भेग झाकणारे लवचिक लेप यापेक्षा थोडे जास्त टिकतात, पण कठड्याच्या माथ्यावरून पाणी त्यांच्या मागे उतरलं तर ते फुग्यांसारखे सुटतात. तेव्हा पहिला खर्च रंगावर करू नये. बीम आणि विटांच्या जोडावरची आडवी भेग, खिडकीच्या चौकटीचा सांधा, छज्ज्याचा माथा, एसीच्या पाइपाचं भोक, हे आधी भरून घ्यावं. कोकणातल्या जुन्या घरांत पाऊस भिंतीपर्यंत पोचूच नये अशी रचना होती : लांब पागोळ्या, पडवी, आणि झडीच्या बाजूला दरवर्षी बांधलेला नारळाच्या चुडतांचा आडोसा. मृगाआधी कौलं परतली जायची, फुटकी बदलली जायची. त्या उपायाचं आयुष्य एका पावसाळ्याचं होतं आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. सपाट स्लॅब आला आणि ही वर्षाची कामं बंद झाली, हे नुकसान मला फार मोठं वाटतं. छज्जे नसलेल्या, सपाट दर्शनी भिंतींच्या नव्या इमारती सगळं ओझं रंगाच्या पातळ थरावर टाकतात. तो थर तेवढं पेलत नाही.

बाथरूमबद्दल थोडक्यात. तिथे आयुष्य ठरवतो तो नहाणी ट्रॅपचा सांधा. रसायनाचा नंबर त्यानंतरचा. जुन्या फ्लॅटमध्ये स्लॅब फूटभर खाली घेऊन त्या खड्ड्यात विटांचे तुकडे किंवा कोळशाची राखाडी खडी भरायचे, त्यातूनच पाइप जायचे. ती खडी लोखंडी पाइपांना गंजवते. एक सांधा सुटला की हा खड्डा हळूहळू भरतो आणि मग खालच्या घराचं छत बारा महिने ओलं. चांगलं काम पंधरा-वीस वर्षं टिकतं, पण वरच्या घरी नव्या फरश्या बसवताना छिन्नी खाली लागली की त्याच दिवशी संपतं. फरशीवर फरशी चिकटवून किंवा सांध्यांत एपॉक्सी भरून खड्ड्यातलं पाणी जात नाही. शेजाऱ्याशी भांडण होण्याआधी ट्रॅप बंद करून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास रंगीत पाणी साठवून बघावं. खाली रंग उतरला तर फरशी, नाही उतरला तर पाइप तपासावा.

आता जमिनीतली ओल. या विषयात सर्वांत जास्त पैसा चुकीच्या उपायांवर जातो, म्हणून इथे थोडं थांबतो.

विटेची, मातीची, चुन्याची छिद्रं पाणी वर ओढतात. वर चढणारं पाणी भिंतीच्या पृष्ठभागातून उडून जातं. जिथे चढणं आणि उडणं समसमान होतं तिथे ओलीची रेघ थांबते, सहसा जमिनीपासून मीटरभराच्या आसपास. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. जुन्या वाड्यांचं जोतं घडीव काळ्या पाषाणाचं असायचं. तो दगड जवळपास पाणी पीत नाही, त्यामुळे वरच्या विटा-मातीच्या भिंतीला ते जोतंच संरक्षण होतं. कोकणातला जांभा चिरा मात्र सच्छिद्र. तिथे उंच जोतं आणि सारवलेली जमीन मदत करायची. सारवलेल्या जमिनीतून ओलावा मोकळेपणाने उडत राहतो. त्या घरात चकचकीत टाइल्स बसल्या आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा चढला की ओलीला उडायला जागा उरत नाही आणि ती भिंतीत आणखी वर चढते. पूर्वी कोरडं असलेलं घर दुरुस्तीनंतर ओलं झालं, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते, तिचं कारण बहुतेकदा हे असतं.

नव्या बांधकामात जोत्याच्या पातळीला ओलरोधक पट्टा घालतात : वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेल्या काँक्रीटचा चाळीस-पन्नास मिलिमीटर थर, त्यावर गरम डांबर. हा पट्टा इमारतीइतकाच टिकावा अशी अपेक्षा असते आणि नीट घातला तर टिकतोही. तो फुटत नाही, त्याला वळसा पडतो. बाहेर बागेसाठी भिंतीला लागून मातीचा ढीग घातला, गिलावा थेट जमिनीपर्यंत उतरवला, किंवा रस्ता दर डांबरीकरणात वर चढत गेला की पाणी पट्ट्याच्या वरून भिंतीत शिरतं. मुंबईतल्या कित्येक जुन्या बैठ्या घरांची आणि तळमजल्यांची जोती आज रस्त्याच्या पातळीला आली आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहिता जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान पंचेचाळीस सेंटिमीटर उंच मागते; रस्ता चढला की ही उंची कागदावर राहते. अशा भिंतीत रसायन भरण्याआधी माती खाली करणं, गिलाव्याची खालची कड कापणं आणि पाणी भिंतीपासून दूर नेणारी गटार करणं, हे उपाय करून बघावेत. त्यांना खर्च नगण्य आणि आयुष्य मोठं.

तरीही ओल राहिली तर भिंतीच्या तळाच्या सांध्यात दहा-बारा सेंटिमीटरवर भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेन जातीचं रसायन भरतात. ते छिद्रांच्या आतल्या बाजूंना पाणी झिडकारणारं अस्तर देतं. ब्रिटनमध्ये ही पद्धत अनेक दशकं रुळलेली आहे आणि तिथल्या कंपन्या वीस-तीस वर्षांची हमी देतात. एकसारख्या विटांच्या भिंतीत हे काम खरोखर दीर्घ टिकतं. पण वाड्यांच्या जाड भिंतींत बाहेर-आत दगड आणि मध्ये रोडे-माती असते; तिथे रसायन कुठे पोचेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. ब्रिटनमध्येही या उपायाचा अतिरेक झाल्याची टीका तिथल्याच जाणकारांनी केली आहे, आणि तिचा एक मुद्दा आपल्यालाही लागू आहे. ओल मोजायचं हातातलं यंत्र मुळात लाकडासाठी बेतलेलं असतं. भिंतीत क्षार असले तर ते कोरड्या भिंतीवरही मोठा आकडा दाखवतं. यंत्राचा काटा दाखवून कुणी लगेच भोकं पाडायला निघालं तर त्याला थांबवावं.

रसायन भरल्यावर क्षार शोषलेला गिलावा मीटरभर उंचीपर्यंत काढून टाकावाच लागतो. तो ठेवला तर क्षार पावसाळ्यातल्या हवेतून पाणी ओढून घेतात आणि जमिनीचा रस्ता बंद झाला तरी भिंत ओलीच दिसते. चांगला उपाय फसला असा बोभाटा होतो.

याच्याच जोडीची चूक म्हणजे घाई. ओलीचा स्रोत बंद झाल्यावर भिंत सुकायला तिच्या जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक महिना लागतो, असा ब्रिटनमधल्या गवंड्यांचा जुना ठोकताळा आहे. आपली नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने. आपण दोन महिन्यांत पुट्टी लावून तेलकट रंग मारतो, आतलं पाणी रंगाला ढकलतं, पोपडे येतात आणि पुन्हा कंत्राटदार बोलावला जातो.

हवेतल्या ओलीला कोणतंही रसायन नको. जुलैत हवेतली आर्द्रता पंचाऐंशी टक्क्यांच्या पुढे असते, एसीच्या खोलीची थंड भिंत आणि तिला चिकटून ठेवलेलं कपाट यांच्यामध्ये वाफ जमते. कपाट वीतभर पुढे ओढा, एक्झॉस्ट चालवा.

सळया गंजल्या असतील तर मात्र हा सगळा आढावाच बाजूला ठेवावा लागतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. छताची खपली पडून सळई दिसायला लागली की प्रश्न ओलीचा राहत नाही, इमारतीच्या जिवाचा होतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. ते टाळून गच्चीवर लेप मारत राहणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची मला काळजी वाटते.

आता त्या दहा वर्षांच्या गॅरंटीकडे येऊ. तिच्यात सहसा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : संरचनेच्या भेगा वगळून, इतरांनी केलेल्या तोडफोडीमुळे झालेलं नुकसान वगळून, साचलेल्या पाण्यामुळे झालेलं वगळून. म्हणजे गच्ची ज्या कारणांनी गळते त्यातली बहुतेक कारणं बाहेर. रंग कंपनीची वॉरंटी अनेकदा मालाची असते, मजुरीची नाही. आणि कागद देणारी छोटी फर्म दहा वर्षं चालू असेलच याची हमी कुठे आहे? केंद्रीय लोकनिर्माण विभाग अशा कामांत दहा वर्षांचं हमीपत्र घेतो, पण त्याबरोबर कामाच्या रकमेचे दहा टक्के राखून ठेवतो. सोसायट्यांनी हे शिकण्यासारखं आहे. दहा टक्के तीन पावसाळ्यांपर्यंत हातात ठेवले तर कंत्राटदार फोन उचलतो. स्टँप पेपरपेक्षा हे शतपट उपयोगी.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांना कायद्याचा आधार आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा दोष निघाला आणि तो विकासकाच्या नजरेस आणून दिला तर त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. गळती यात येते. पण तक्रार लेखी हवी आणि पाच वर्षांच्या आत हवी. चौथ्या पावसाळ्यातला डाग नुसता रंगवून झाकणारं कुटुंब आपला हक्क स्वतः पुसून टाकतं.

जुन्या सोसायट्यांत गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची पावसाची गळती ही सोसायटीची जबाबदारी असते. वरच्या मजल्याच्या सभासदांनी आपापसांत वर्गणी काढून ती करायची नसते. त्यासाठीच उपविधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात ठेवायला सांगतात. हे नियमाने करणाऱ्या सोसायटीला गच्चीसाठी अचानक मोठी वर्गणी काढावी लागत नाही, आणि पैशाअभावी स्वस्त लेपावर भागवावं लागत नाही.

माझा निष्कर्ष असा. झाकलेलं मेंब्रेन किंवा नेटका कोबा हे दहा वर्षांच्या पुढची अपेक्षा ठेवण्याजोगे उपाय आहेत. उघडे अॅक्रिलिक लेप आणि बाहेरचे रंग तीन ते सात वर्षांचे, ते तसेच समजून त्यांचा खर्च धरावा. जमिनीतल्या ओलीवर आधी माती आणि गटार, मग रसायन. आणि यांपैकी कोणत्याही उपायाला वर्षातून दोनदा माणसाचे डोळे लागतात. मेच्या अखेरीस जाळ्या आणि पन्हळ साफ, रोपटी उपटलेली, वाट्याच्या भेगा भरलेल्या; आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एक फेरी. याला एका गवंड्याचा एक दिवस लागतो.

कामाची वेळही बदलायला हवी. मेमध्ये सगळे एकाच वेळी कंत्राटदाराच्या दारात उभे असतात, पाणीटंचाईमुळे कोब्यावर सात दिवस पाणी साठवता येत नाही आणि पहिला वळीव थर ओला असतानाच येतो. या वर्षी ऑगस्टच्या जोरदार पावसात छत्री घेऊन गच्चीवर जा, कुठे डबकं होतं, कुठून पाणी शिरतं त्याचे तारखेसकट फोटो काढा, खालच्या घरातल्या डागांच्या कडा पेन्सिलीने आखून ठेवा. त्या फोटोंवरून ऑक्टोबरात कोटेशन मागवा, काम डिसेंबर-जानेवारीत करून घ्या, आणि शेवटचं बिल पाणी साठवून केलेल्या चाचणीनंतरच मंजूर करा.